लांब पल्ल्याची टॉर्च: झोत, पल्ला आणि भरवसा

प्रश्न: माझ्याकडे दोन टॅक्टिकल टॉर्च आहेत. एकीच्या खोक्यावर ३,००० ल्युमेन छापले आहे, दुसरीवर १,०००. प्रत्यक्षात मोकळ्या माळावर मात्र दुसरीचाच उजेड कितीतरी लांब पोहोचतो. पहिलीचा आकडा खोटा समजायचा का? आणि दोन टॉर्चच्या झोतांची तुलना घरच्या घरी कशी करावी?

उत्तर: आकडा खोटा असेलच असे नाही, पण तो तुमच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. टॉर्चमधून सर्व दिशांना मिळून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, एवढेच ल्युमेन सांगतो. झोताच्या ऐन मध्यभागी प्रकाश किती एकवटला आहे, हे कॅन्डेला या एककात मोजतात आणि पल्ला ठरतो तो त्यावरच. ही एकवट मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे एलईडीच्या चकाकत्या पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मिलिमीटर किती तेजस्वी आहे, आणि दुसरी म्हणजे समोरून पाहिल्यावर रिफ्लेक्टरचे, म्हणजे एलईडीभोवतीच्या चकचकीत वाटीचे, तोंड किती मोठे दिसते. तुमच्या पहिल्या टॉर्चमध्ये बहुधा मोठ्या आकाराची किंवा अनेक एलईडी असतील. त्यांतून प्रकाश भरपूर निघतो, पण तो पसरट निघतो. दुसरीत एकच लहान, प्रखर एलईडी आणि तिच्याभोवती खोल, रुंद रिफ्लेक्टर असणार. एलईडी तीच ठेवून रिफ्लेक्टरचा व्यास दुप्पट केला, तर तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते, कॅन्डेला साधारण चौपट होतात आणि पल्ला दुप्पट होतो. लांब पल्ल्याच्या टॉर्चचे डोके मोठे असते ते याच कारणाने. खिशात मावणाऱ्या टॉर्चबद्दल कोणी एक किलोमीटरचा दावा करत असेल, तर सर्वांत आधी तिच्या तोंडाचा व्यास पाहावा.

खोक्यावरचे 'बीम डिस्टन्स' कसे ठरते, हेही समजून घ्यायला हवे. एफएल-१ या प्रचलित अमेरिकी मानकानुसार, ज्या अंतरावर झोताचा उजेड ०.२५ लक्स (समोरच्या पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) इतका उरतो, ते अंतर म्हणजे टॉर्चचा पल्ला. हा उजेड साधारण स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका असतो. हिशेब सोपा आहे: कॅन्डेलाचे वर्गमूळ काढावे आणि त्याची दुप्पट करावी. ४०,००० कॅन्डेला म्हणजे ४०० मीटर, १,६०,००० कॅन्डेला म्हणजे ८०० मीटर. पल्ला दुप्पट व्हायला कॅन्डेला चौपट लागले, हे येथे लक्षात येईल. आता चांदण्याइतक्या उजेडात दूरचा मनुष्य ओळखता येतो का? येत नाही, तेथे काहीतरी आहे एवढेच जाणवते. म्हणून छापील अंतराच्या निम्मे अंतर कामाचे मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. निम्म्या अंतरावर उजेड १ लक्स असतो, पाव अंतरावर ४ लक्स.

तुलनेसाठी बहुतेक लोक हातभर अंतरावरच्या भिंतीवर टॉर्च मारतात आणि फसतात. खोल रिफ्लेक्टरचा झोत इतक्या जवळ नीट बांधलेलाच नसतो. कधी मधोमध काळसर वर्तुळही दिसते. भिंत किमान पाच मीटर दूर असावी. तेथे तीन थर वेगळे दिसतात: मधला प्रखर ठिपका, त्याभोवतीचे विरत जाणारे वलय आणि बाहेरचा फिका, रुंद उजेड. आरशासारख्या गुळगुळीत रिफ्लेक्टरचा ठिपका लहान आणि काठ रेखीव असतो. संत्र्याच्या सालीसारख्या खडबडीत रिफ्लेक्टरमध्ये हे थर एकमेकांत मिसळतात, पल्ला थोडा घटतो, पण चालताना डोळ्यांना पुष्कळ आराम मिळतो. पुढेमागे सरकणारे भिंग असलेल्या टॉर्चमध्ये, झोत पूर्ण आवळला की भिंतीवर चक्क एलईडीच्या चौकोनी चिपची प्रतिमा उमटते. अशा वेळी कडेचा उजेड जवळजवळ शून्य असतो, म्हणजे दूरचे झाड दिसते पण पायाखालचा खड्डा दिसत नाही.

लक्समीटर मिळाला तर डोळ्यांवर विसंबण्याची गरज उरत नाही. अंधाऱ्या जागेत बरोबर १० मीटरवर मीटर ठेवावा, ठिपक्याचा सर्वांत प्रखर भाग त्यावर आणावा आणि आलेल्या लक्सला १०० ने गुणावे. मीटरने १,२०० लक्स दाखवले, तर १,२०,००० कॅन्डेला आणि सुमारे ६९० मीटर पल्ला. हीच नोंद टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी घ्यावी आणि पुन्हा दहा मिनिटांनी घ्यावी. बऱ्याच टॉर्च तापल्या की स्वतःहून उजेड उतरवतात, त्यामुळे दुसरी नोंद पहिलीपेक्षा जास्त बोलकी असते. उजेड पाव झाला तरी पल्ला निम्मा टिकतो, हे मात्र दिलासा देणारे गणित आहे.

प्रश्न: शोधकार्यात स्वयंसेवक म्हणून मी रात्री काम करतो. माझी टॉर्च धक्का लागला की लुकलुकते आणि कधी बंदच पडते. सेल नवा आहे. दोष कुठे असावा, आणि नवीन घेताना भरवसा कशावरून ओळखावा?

उत्तर: एलईडी सहसा दगा देत नाही. दगा देतात ते विजेच्या वाटेवरचे सांधे: मागच्या टोपीचे आटे, स्प्रिंग आणि बटण. प्रथम सेल काढून ठेवा. मागची टोपी उघडून नळीच्या कडेचा उघडा धातू नीट पाहा. तेथे राखाडी चिकट थर दिसला, तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापडाने तो चकचकीत होईपर्यंत पुसा. आटेही तसेच पुसा आणि ओ-रिंगला (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पेट्रोलियम जेली लावू नका, काही प्रकारचे रबर तिने फुगते. टोपीच्या आत बटण धरून ठेवणारी जी दोन भोकांची कडी असते, ती वापरात हळूहळू सैल होते. चिमट्याची टोके त्या भोकांत घालून ती आवळली, की लुकलुक थांबल्याचे मी अनेकदा अनुभवले आहे.

एवढ्याने भागले नाही, तर यांत्रिक बटण मागे असलेल्या एका सेलच्या टॉर्चसाठी एक खात्रीची चाचणी आहे. टोपी काढून सेल नळीतच ठेवा आणि जाडसर तारेच्या तुकड्याने सेलचे मागचे ऋण टोक व नळीची उघडी कड क्षणभर जोडा. टॉर्च स्थिर पेटली तर दोष टोपीत किंवा बटणात आहे, आणि तो भाग बदलता येतो. तरीही लुकलुकली तर दोष डोक्यातल्या सर्किटमध्ये किंवा पुढच्या संपर्कात आहे.

नवीन घेताना सेलच्या दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेली टॉर्च घ्या. एकाच बाजूला स्प्रिंग असेल, तर जोराच्या धक्क्यात सेल क्षणभर संपर्क सोडतो. एफएल-१ मधली आपटण्याची चाचणी किमान एक मीटर उंचीवरून काँक्रीटवर होते, आणि आयपीएक्स-७ ही पाणीरोधाची पातळी म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे. हे किमान हवेच, पण या चाचण्या नव्या टॉर्चवर होतात. वर्षभर वापरलेल्या ओ-रिंगची हमी त्यांत नसते. तुमच्या कामासाठी अर्धे दाबताच उजेड देणारे आणि पूर्ण दाबल्यावर चालू राहणारे यांत्रिक बटण मला अधिक पसंत आहे, कारण हातमोजे घातलेले असतानाही ते अंदाजाने सापडते. इलेक्ट्रॉनिक बटण असल्यास बंद टॉर्चही सेल किंचित खात राहते. आट्यांवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे वीज न वाहू देणारा, थर असेल, तर टोपी पाव फेरा सैल केल्याने ही गळती थांबते आणि पिशवीत टॉर्च आपोआप लागत नाही.

'रनटाइम'चा आकडाही जपून वाचा. उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ त्यात मोजलेला असतो. पाच मिनिटे १,००० ल्युमेन आणि पुढचे काही तास ३०० ल्युमेन देणारी टॉर्चही तो मोठा आकडा नियमानुसारच छापते. म्हणून उत्पादक वेळेगणिक उजेडाचा आलेख देतो का, ते पाहा. सेल १८६५० किंवा २१७०० आकाराचा, संरक्षक सर्किट असलेला घ्या. यातले पहिले दोन आकडे व्यास आणि पुढचे दोन लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात. दोन सेल एकामागे एक बसत असतील, तर जुना आणि नवा सेल कधीही एकत्र वापरू नका. कमकुवत सेल उलटा भारित होऊन फुटू शकतो. कडाक्याच्या थंडीत लिथियम-आयन सेलची ताकद घटते, म्हणून राखीव सेल अंगाजवळच्या खिशात ठेवा.

प्रश्न: एलईपी प्रकारच्या टॉर्चचा पल्ला दोन किलोमीटर सांगतात. ती घेतली तर दुसऱ्या टॉर्चची गरज उरणार नाही ना?

उत्तर: गरज उरेल. या टॉर्चमध्ये निळा लेझर फॉस्फर या प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या पदार्थाच्या इवल्याशा ठिपक्यावर पडतो आणि तेथून निघालेला पांढरा प्रकाश भिंगाने आवळला जातो. १० लाख कॅन्डेला आणि वरच्या हिशेबाने २,००० मीटर, हे त्यामुळे जमते, पण झोत पेन्सिलीसारखा अरुंद असतो. हरवलेली व्यक्ती नक्की कुठे आहे हे ठाऊक नसताना त्याने मैदान विंचरायला फार वेळ लागतो. धुक्यात किंवा धुळीत झोत स्वतःच पांढऱ्या काठीसारखा उजळतो आणि पलीकडचे काही दिसत नाही. अशा वेळी टॉर्च डोळ्यांच्या रेषेपासून दूर, कमरेशी किंवा हात लांब करून धरावी. कोणाच्या डोळ्यांवर, वाहनांवर आणि विमानांवर हा झोत कधीही मारू नये. शिवाय ५०० मीटरवरचा मनुष्य कितीही उजळला, तरी नुसत्या डोळ्यांना तो लहानच दिसतो. तेवढ्या अंतरावर शोध घ्यायचा असेल, तर झोत एकाने धरावा आणि काही पावले बाजूला उभे राहून दुसऱ्याने दुर्बिणीतून पाहावे.