बुद्धिबळात मी साधारण खेळाडू. मग बुद्धिबळाचा प्रोग्राम मला जमेल का?

संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला होता. (त्याची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिण्याचा ध्यास घेऊन त्याला आठ महिने झाले होते आणि आता ते काम सोडून द्यावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. "मॅडम, स्पर्धांत मी कधीच वरच्या क्रमांकावर नव्हतो, गणितातही बेताचाच आहे. या कामाला लागणारी प्रतिभाच माझ्यात नसेल, तर आणखी वेळ का घालवायचा?" असे त्याने विचारले. हीच शंका मी अनेकांकडून ऐकली आहे.

त्याच्या शंकेच्या पहिल्या भागाचे उत्तर इतिहासातच सापडते. मिखाईल बोत्विनिक हे विश्वविजेते तर होतेच, शिवाय विद्युत अभियंताही होते. उत्तम खेळाडू जसा विचार करतो तसाच विचार करणारा 'पायोनियर' नावाचा प्रोग्राम घडवण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली, पण स्पर्धेत पूर्ण डाव खेळण्याइतका तो कधीच तयार झाला नाही. याउलट १९९७ मध्ये विश्वविजेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवणाऱ्या 'डीप ब्लू' या आयबीएमच्या संगणकाचे मुख्य रचनाकार फेंग-स्युंग स्यू हे चिप घडवणारे अभियंते होते, आणि खेळाचे सखोल ज्ञान पुरवण्यासाठी त्यांच्या गटाने ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन यांची मदत घेतली होती. खेळाची जाण उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. पण ती दुसऱ्याकडून मिळवता येते.

कोणती गोष्ट दुसऱ्याकडून मिळवता येत नाही, हे मला त्याच्या वहीत दिसले. चाली निर्माण करणारा भाग बरोबर आहे की नाही, हे तपासण्यासाठी पुढच्या एक, दोन, तीन अशा ठरावीक चाली नियमाला धरून एकूण किती प्रकारे खेळता येतील, याची मोजणी करतात. डावाच्या सुरुवातीपासून हे आकडे २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१ असे वाढत जातात. त्याचे हे आकडे जुळले होते, पण मोजक्या मोहऱ्यांच्या एका प्रसिद्ध कसोटी-स्थितीत, दोन्ही बाजूंची एकेक चाल झाल्यावर, १९१ ऐवजी १९३ असे उत्तर येत होते. या दोनच्या फरकामागे तो अकरा रात्री बसला होता. मी न विचारताच त्याने कागदावर पटाची एक आडवी रांग काढली: एका टोकाला काळा राजा, दूरवर पांढरा हत्ती आणि मध्ये एकटे काळे प्यादे. पांढऱ्याने शेजारचे प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि काळ्याने ते 'एन पासां' (म्हणजे जणू ते एकच घर पुढे आले आहे असे धरून) मारले, की दोन्ही प्यादी एकदमच त्या रांगेतून नाहीशी होतात आणि राजा हत्तीच्या माऱ्यात उघडा पडतो. म्हणजेच ती चाल नियमबाह्य असते, आणि प्रोग्रामला ते कळत नव्हते. पांढऱ्याचे प्यादे काळ्या प्याद्याच्या डावीकडून येऊ शकते तसे उजवीकडूनही, म्हणून फरक नेमका दोनचा, हे त्याने मला पुन्हा एकदा समजावून सांगितले.

एवढ्याशा विसंगतीने ज्याची झोप उडते आणि तिचे कारण सापडल्याशिवाय जो पुढे सरकत नाही, त्याच्याजवळ या कामाचे सर्वांत मोठे भांडवल आहे, असे माझे ठाम मत आहे.

मग तो खचला का होता? राजाच्या सुरक्षिततेचे गुण मोजण्याची एक कल्पना त्याला फार आवडली होती. पहिल्या चाळीस डावांत सुधारित प्रोग्राम सरस ठरला. पण जुन्या आवृत्तीविरुद्ध दोन हजार डाव खेळवल्यावर तो फायदा उरला नाही. त्याने ती कल्पना काढून टाकली आणि स्वतःला नापास ठरवले. मी त्याला सांगितले, "तू चाळिसावर न थांबता दोन हजार डाव खेळवलेस, हे मला जास्त मोलाचे वाटते." 'स्टॉकफिश' या बुद्धिबळ खेळणाऱ्या मुक्त प्रोग्रामच्या प्रकल्पात २०१३ पासून प्रत्येक बदल स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून पारखला जातो आणि अनुभवी लोकांच्याही बहुतेक सूचना तेथे फेटाळल्या जातात. २०२० पासून तर त्या प्रोग्रामात स्थितीचे मूल्यमापन न्यूरल नेटवर्क (असंख्य उदाहरणांवरून स्वतः शिकणारी गणिती रचना) करू लागले, त्यामुळे हाताने लिहिलेल्या बुद्धिबळज्ञानापेक्षा काटेकोर मोजमापाचे महत्त्व आणखी वाढले आहे.

गणिताची भीती मी फार वेळ चघळू दिली नाही. संभाव्यतेची पक्की समज आणि चौसष्ट घरे चौसष्ट बिटांत (म्हणजे ० किंवा १ अशा अंकांत) मांडण्याची सवय एवढ्यावर बरेच काम भागते. उपजीविका मात्र यावर अवलंबून ठेवू नये, हेही मी स्पष्ट सांगितले. त्याची खरी उणीव वेगळीच होती: तो एकट्याने काम करत असे, आणि आपला कोड इतरांना दाखवण्याचा त्याला संकोच वाटे. त्यावर आम्ही तीन भेटी घालवल्या.

आता एक वर्गमित्र त्याचा कोड वाचतो. तीच स्थिती तीनदा आली की डाव बरोबरीत सुटू शकतो, या नियमाच्या हाताळणीतील चूक त्या मित्राने पहिल्याच आठवड्यात दाखवली. चालींच्या मोजणीत ही चूक कधीच पकडली जात नाही. सध्या दोघे मिळून ती दुरुस्त करत आहेत.