ईआरटीची रीडिंग उड्या मारतात, कोणता फिल्टर लावू?

तुमचा प्रश्न असा: एप्रिलमध्ये मुरमाड माळावर ईआरटीसाठी (जमिनीत करंट सोडून खालच्या थरांचा विद्युत रोध मोजायची पद्धत) 5 मीटरला एक याप्रमाणे 48 इलेक्ट्रोड ठोकून डायपोल-डायपोल लाइन (इलेक्ट्रोडची एक जोडी करंट सोडते, दुसरी व्होल्टेज मोजते) घेतली. खोलीवरची रीडिंग उड्या मारतात, काही तर उणे आहेत, आणि इन्व्हर्जनमध्ये (रीडिंगवरून जमिनीचं चित्र काढायच्या गणितात) आरएमएस, म्हणजे चित्र आणि रीडिंग यांतली तफावत, 28 टक्क्यांच्या खाली येत नाही.

फिल्टरचं नंतर बघू, आधी सळ्या (इलेक्ट्रोड) बघा. एप्रिलचा मुरूम करंट आत घेतच नाही. प्रत्येक सळईचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स (सळई आणि जमीन यांच्यातला रोध) तपासा. 2 किलोओहमच्या आत असेल तर उत्तम. नसेल तर बुडाशी मिठाचं पाणी ओता आणि मुरू द्या (दोन सळ्यांची ओल एकमेकींना भिडेल इतकं मात्र नको). तरी ऐकत नसेल तर शेजारी, लाइनला काटकोनात, दुसरी सळई ठोकून तारेनं जोडा.

खालची रीडिंगच का बिघडतात? डायपोल-डायपोलमध्ये a म्हणजे जोडीतल्या दोन सळ्यांमधलं अंतर आणि n म्हणजे दोन जोड्यांमधलं अंतर a च्या किती पट ते. n 1 वरून 6 वर नेला की भूमितीय गुणक (रोधाला ज्यानं गुणून जमिनीची रोधकता काढतात तो आकडा) 56 पट होतो. तेवढ्याच करंटला व्होल्टेज 56 पटीनं घटतं आणि शेजारच्या मोटारीची घरघर त्यावर मात करते. स्टॅकिंग (तेच रीडिंग पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढणं) 4 वरून 16 केलं तरी गोंगाट जेमतेम निम्मा होतो. त्यापेक्षा n 6 वर थांबवा आणि खोलीसाठी a 10 मीटर करा. मोजणीचा काळ 20 मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा, म्हणजे विजेच्या लाइनचा 50 हर्ट्झचा गोंगाट बराच कटतो. शेतीची लाइट गेली असेल तर सोन्याहून पिवळं.

सुरुवातीला मीही न पटणारे बिंदू उडवत आरएमएस 4 वर आणला होता. चित्रात छान निळा पट्टा (कमी रोध, म्हणजे पाण्याची आशा) उमटला, तिथे बोअर मारली आणि नुसता फुफाटा उडाला. कच्चा डेटा पुन्हा उघडला तर खराब बिंदू एकाच इलेक्ट्रोडपासून दोन्हीकडे तिरके उतरत गेलेले. ती सळई बांधावरच्या सुट्या दगडांत अडकवली होती. मी उडवलेल्यांत चांगले बिंदूही बरेच होते.

म्हणून आता थोडी रीडिंग उलटी घेतो: करंटची जोडी व्होल्टेजला, व्होल्टेजची करंटला. रोध तोच यायला हवा. जो फरक पडतो तो तुमचा खरा एरर, इन्व्हर्जनला तोच द्या. सळई चुकीच्या जागी ठोकली असेल तर ते यात कळत नाही, त्यासाठी टेप. आणि हे सगळं केबल गुंडाळायच्या आधी.