मज्जासंस्था की चेतासंस्था? आणि मग नस कुठली?

विचारणा अशी आहे : शाळेच्या पुस्तकात 'चेतासंस्था' छापलेले असते, वर्तमानपत्रातल्या आरोग्यविषयक लेखांत 'मज्जासंस्था' वाचायला मिळते, डॉक्टर रुग्णाला 'नस दबली आहे' असे सांगतात आणि घरी त्याच दुखण्याला 'शीर आखडली' म्हणतात, हे चारही शब्द एकाच वस्तूचे आहेत का, आणि लिहिताना कोणता वापरावा? प्रश्नकर्त्यांनी जाता जाता असेही लिहिले आहे की त्यांच्या बंगाली शेजाऱ्यांनी 'स्नायूचा आजार' म्हटल्यावर त्यांना हातापायाचे स्नायू दुखत असावेत असे वाटले. प्रत्यक्षात ते गृहस्थ मेंदूविकारतज्ज्ञाकडे जात होते.

'मज्जासंस्था' आणि 'चेतासंस्था' हे दोन्ही शब्द मेंदू, मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातून उतरणारी दोरी) आणि त्यांपासून शरीरभर पसरलेले तंतू या एकाच संस्थेचे आहेत. मराठी विश्वकोशात याच अर्थी 'तंत्रिका तंत्र' असा शब्द आहे, जो हिंदीतही रूढ आहे; तंत्री म्हणजे वीणेची तार, तेव्हा कल्पना वाईट नाही, पण पचनसंस्था, श्वसनसंस्था म्हणणाऱ्या मराठी माणसाला 'तंत्र' म्हटले की शरीराआधी कौशल्य किंवा मंत्रतंत्र आठवते. नस आणि शीर यांचे प्रकरण वेगळे आहे. ते शब्द एका अवयवाला बांधलेलेच नाहीत. त्यांच्याकडे नंतर येतो.

'मज्जा' हा शब्द आयुर्वेदातल्या सप्तधातूंपैकी सहावा : रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ गर, आणि आजही 'अस्थिमज्जा' म्हणताना आपण तोच अर्थ घेतो. मग चेतनेशी काडीचा संबंध नसलेला, रक्तपेशी तयार करणारा हा गर मेंदूच्या संस्थेच्या नावात कसा शिरला? याचे उत्तर कण्याकडे पाहिले की मिळते. पाठीचा कणा ही मणक्यांची, म्हणजे हाडांची, माळ आहे. तिच्या पोकळीतून एक मऊ, पांढुरकी दोरी खाली उतरते. हाडाच्या आत मऊ पदार्थ दिसला की तो मज्जा, हा तर्क केवळ आपल्याकडचा नाही. लॅटिनमध्ये मेरुरज्जूला 'मेड्युला स्पायनॅलिस' म्हणतात आणि 'मेड्युला'चा मूळ अर्थ मज्जाच आहे. ग्रीक 'मायलॉस'चेही तसेच. त्यामुळे वैद्यकाच्या इंग्रजी परिभाषेत हा घोटाळा आजतागायत नांदतो आहे : 'पोलिओमायलायटिस'मधला 'मायल' मेरुरज्जूचा, तर 'ऑस्टिओमायलायटिस'मधला तोच 'मायल' हाडातल्या मज्जेचा. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरशो यांनी १८५४ मध्ये चेतातंतूंभोवतीच्या स्निग्ध वेष्टणाला 'मायलिन' हे नाव दिले, तेही याच शब्दावरून. तेव्हा 'मज्जातंतू' म्हणणारी आपली आधीची पिढी अडाणी नव्हती. फारतर जगाबरोबर चुकलेली होती.

तरीही नवे लिहिताना मी 'मज्जासंस्था' टाळतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या बातमीशेजारी मज्जासंस्थेच्या विकाराची बातमी छापली, तर सामान्य वाचकाने या दोन मज्जांचा काय संबंध लावायचा?

'चेता' हा शब्द मला अधिक पटतो, पण तो पटण्याचे कारण सहसा दिले जाते ते नाही. चेतना म्हणजे जाणीव, म्हणून जाणिवेची संस्था ती चेतासंस्था, असे स्पष्टीकरण बहुतेक जण देतात. त्यात अडचण अशी की या संस्थेचे पुष्कळसे काम जाणिवेच्या वाऱ्यालाही उभे राहत नाही. गरम तव्याला बोट लागते तेव्हा हात आधी मागे येतो आणि चटका मागून कळतो, कारण हात खेचण्याचा हुकूम मेंदूपर्यंत जाऊन येण्याची वाट न पाहता मेरुरज्जूतूनच सुटतो. शाळेत हिलाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. जेवण झाल्यावर आतडी हलतात, अंधारात बाहुली मोठी होते, झोपेत श्वास चालू राहतो. यांतले काहीही आपण 'जाणून' करत नाही.

मला दिसणारे कारण स्वयंपाकघरातले आहे. मराठीत आपण चूल चेतवतो, शेकोटी चेतवतो, विस्तव चेततो. चेतना आणि चेतवणे या दोहोंच्या मुळाशी एकच 'चित्' धातू आहे, पण मराठीने त्याला जाळाचा अर्थ दिला, आणि चेतापेशी जे करते ते नेमके चेतण्यासारखे आहे. पेशी विश्रांतीत असताना तिच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. उद्दीपन एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तिच्या पटलातली दारे उघडतात, बाहेरचे सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत घुसतात आणि त्या ठिकाणचा विद्युतभार उलटतो. त्या उलटण्याने शेजारची दारे उघडतात, तिथले उलटणे त्यापुढची दारे उघडते, आणि असा आवेग तंतूच्या टोकापर्यंत पोचतो. दिवाळीतल्या फटाक्याची वात आठवावी. ती उदबत्तीने पेटवली काय आणि फुलबाजीने पेटवली काय, वात आपल्याच वेगाने जळते. पेटते तर पूर्ण पेटते, नाही तर मुळीच पेटत नाही. चेतातंतूचेही तसेच आहे. जोराचा चिमटा काढला म्हणून आवेग मोठा होत नाही, फक्त सेकंदाला अधिक आवेग जातात. उपमा मोडते ती एका ठिकाणी : वात जळून राख होते, तर चेतातंतू एक-दोन मिलिसेकंदांत पुन्हा चेतायला तयार असतो. परिभाषा ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चूल होती असा माझा दावा नाही, पण शब्द मात्र त्यांच्या हेतूपेक्षाही चांगला लागला.

हा आवेग विजेच्या तारेतल्यासारखा क्षणार्धात पोचत नाही. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतेवर, म्हणजे चेतातंतूंच्या जुडग्यावर, प्रयोग करून त्याचा वेग मोजला, तेव्हा तो सेकंदाला ३० मीटरच्या आसपास भरला, आणि हे इतके सावकाश असेल यावर अनेकांचा विश्वास बसेना. माणसात मायलिनचे वेष्टण असलेल्या जाड तंतूंत हा वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो, पण वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंत तो जेमतेम एक-दोन मीटर असतो. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी झटक्यात कळ येते आणि ती विरते न विरते तोच ठसठस सुरू होते, ते यामुळेच : एकाच ठेचेचे दोन निरोप दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी निघालेले असतात. आपल्या भाषेत त्या दोन वेदनांना दोन वेगळे शब्द आहेत, हे मला नेहमी कौतुकाचे वाटते.

या संस्थेची रचना थोडक्यात सांगायची तर मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. मेंदूतून चेतांच्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूतून ३१ जोड्या बाहेर पडतात, ती परिघीय चेतासंस्था. हृदय, आतडी, ग्रंथी यांच्यावर ज्या चेता परस्पर नियंत्रण ठेवतात त्यांना स्वायत्त चेतासंस्था म्हणतात आणि तिच्या दोन शाखांना 'अनुकंपी' व 'परानुकंपी'. धोका दिसताच छाती धडधडवणारी आणि पचन थांबवणारी ती अनुकंपी, आणि ही सगळी धावपळ शमवणारी ती परानुकंपी. जुन्या युरोपीय वैद्यांची अशी समजूत होती की एक अवयव दुसऱ्याच्या दुःखात 'सहभागी' होतो. त्या समजुतीच्या 'सिंपथी' या नावाचे हे शब्दशः भाषांतर आहे. मराठीत अनुकंपा म्हणजे दया, आणि सरकारी कार्यालयात अनुकंपा म्हणजे नोकरी. कुत्रा मागे लागल्यावर पळायला लावणाऱ्या चेतांना ते नाव का, हे विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही. हा शब्द बदलला तर माझी हरकत नाही.

आता नस आणि शीर. 'नसानसांत भिनले आहे' म्हणताना आपल्याला रक्तवाहिनी अभिप्रेत असते, आणि 'दुखरी नस' म्हणताना चेता. सलाईन लावताना परिचारिका 'शीर सापडत नाही' म्हणते ती नीला, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी, असते. त्याच इमारतीतल्या हाडांच्या विभागात 'कमरेची शीर दबली' म्हणतात ती सायटिक चेता, शरीरातली सर्वांत जाड. आणि शिरा ताणून ओरडणाऱ्याच्या गळ्यावर जे दिसते त्यात रक्तवाहिन्या असतात तसे स्नायूही. शरीरात दोरीसारखे, ताणलेले, कातडीखाली चाचपता येणारे जे काही आहे ते सगळे लोकभाषेला एकच वाटते. ग्रीकांचेही निराळे नव्हते. 'न्यूरॉन' या शब्दाचा त्यांच्याकडचा मूळ अर्थ हाडाला स्नायू बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा. चेता आणि कंडरा या वेगळ्या वस्तू आहेत हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियात शवविच्छेदन करणाऱ्या हेरोफिलस यांच्या काळात स्पष्ट होऊ लागले.

बंगाली शेजाऱ्यांचा 'स्नायू' याच दोरीतून निघाला आहे. सुश्रुतसंहितेत ७०० सिरा, ९०० स्नायू आणि ५०० पेशी सांगितल्या आहेत. तिथे स्नायू म्हणजे बांधणाऱ्या दोऱ्या आणि पेशी म्हणजे मांसाचे गोळे. बंगालीने स्नायूला चेतेचा अर्थ दिला, मराठीने मांसाचा. आणि मांसाची जागा स्नायूने घेतल्यावर मोकळी झालेली 'पेशी' आपण शरीराच्या सूक्ष्म घटकासाठी वापरली. सुश्रुताला 'चेतापेशी' हा शब्द दाखवला असता तर त्याने त्याचा काय अर्थ केला असता याची मला गंमत वाटते. गुजराती मात्र आपल्याच बाजूची आहे. तिथेही 'चेतातंत्र' म्हणतात.

तेव्हा अभ्यासाचे किंवा माहितीपर लिहिताना चेतासंस्था, चेता, चेतापेशी, मेरुरज्जू हेच शब्द वापरावेत. जुन्या लेखनातल्या 'मज्जातंतू'ला दुरुस्त करू नये, पण नव्या लेखनात मज्जा हाडांपुरती ठेवावी. रुग्णाशी बोलताना 'नस' योग्यच आहे, कारण 'तुमची चेता दबली आहे' असे ऐकून कोणालाही काही बोध होणार नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसाबद्दल खेड्यात 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, त्यालाही हात लावू नये. आयुर्वेदाने शरीरातली सगळी हालचाल वाताकडे सोपवली होती, त्याचा तो अजून बोलता राहिलेला दाखला आहे. घरी रात्रीतून अवघडलेल्या मानेला 'शीर आखडली' म्हणतात, तिथे मात्र बहुधा चेता नसते आणि रक्तवाहिनीही नसते. तो स्नायू असतो, मराठी अर्थाने.