आई-बाबांना साखर, मग मलाही होणारच ना?

खुर्चीत टेकता टेकताच ते म्हणाले, "मॅडम, डॉक्टरांनी पाठवलं म्हणून आलो. आई-बाबा दोघांनाही डायबिटीस. मग मी पाव सोडला काय नि खाल्ला काय?" वय 43, राहणार फोंडा (ओळख बदलली आहे). तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 6.1 टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

गोव्यात हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त इथंच निघालं, 26.4 टक्के. म्हणून "पथ्य पाळा" हे लगेच सांगायचं मी टाळते. आईबद्दल विचारलं. तिचं पायाचं बोट कापावं लागलं, तेव्हा रोज रात्री ड्रेसिंग हेच करायचे. सांगताना ते स्वतःच्या चपलेकडे बघत होते. माणूस बेफिकीर नव्हता, घाबरलेला होता.

मग मी चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या 2006 सालच्या अभ्यासाविषयी सांगितलं. त्यातली माणसं आपल्यासारखीच, साखर उंबरठ्यावर असलेली. तीन वर्षांत नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी शंभरात 55 जणांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास चालणं आणि आहारात बदल, एवढं ज्यांच्याकडून नेटानं करून घेतलं त्यांच्यात 39 जणांना.

"म्हणजे 39 जणांना झालाच की."

"झाला. तुम्हाला होणारच नाही असं वचन मी देऊ शकत नाही. पण ते सोळा जण वाचले, त्यांच्यात तुम्ही नसालच असं कशावरून?"

बराच वेळ ते बोलले नाहीत.

दिवसाचा सगळा घोळ संध्याकाळी होता. कामावरून यायचं, पोदेराचा, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याचा भोंपू वाजायचा, चहाबरोबर तीन उंडे (गोल पाव). पाव बंद करा म्हटलं असतं तर चार दिवस टिकलं असतं. एक उंडा, सोबत उसळ, आणि चहा झाल्यावर चपला काढायच्या नाहीत, देवळापर्यंत जाऊन यायचं, एवढंच ठरवलं.

महिन्यानं आले ते हिरमुसून. चवथीला (गणेश चतुर्थीला) नेवऱ्या, म्हणजे करंज्या झाल्या, चार दिवस चालणं बुडालं, वजन तर तसूभरही हललं नाही. चेन्नईच्या त्या लोकांचंही वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला होता, हे ऐकून त्यांनी मान वर केली. बुडालेले चार दिवस राहू देत म्हटलं, आज संध्याकाळी निघा.

जाताना दारात थांबले. "धाकटा भाऊ साखळी गावात असतो. त्यानं अजून तपासलंच नाही. भितो."

पुढच्या खेपेला दोघं आले.