कॅरल, कोलिंदा, बियान्सिको: सगळी 'ख्रिस्तजन्मगीते'च का?

प्रश्न असा आला आहे: "डिसेंबरमध्ये आमच्या गायनवृंदाचा कार्यक्रम आहे. इंग्लंड, ग्रीस, रुमानिया, युक्रेन आणि मेक्सिको इथली नाताळातली पारंपरिक गाणी गाणार आहोत. निवेदनात 'कॅरल' हा इंग्रजी शब्द टाळून सगळ्यांना 'ख्रिस्तजन्मगीते' म्हटलं तर चालेल का?"

सगळ्यांना म्हणू नका. यातल्या काही गाण्यांत ख्रिस्तजन्माचा उल्लेखही नसतो, आणि तरीही ती अस्सल नाताळातलीच असतात. त्या त्या भाषेत गाण्याला नाव कशावरून पडलं ते पाहिलं की याचा उलगडा होतो.

आधी कॅरल. जुन्या फ्रेंचमध्ये 'कारोल' म्हणजे हात धरून, फेर धरून करायचा नाच आणि त्या नाचात म्हणायचं गाणं. एकाने कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी पालुपद उचलायचं. शब्द इंग्रजीत गेला तेव्हाही त्याला विषयाचं बंधन नव्हतं, बांधणीचं होतं: कडवी, आणि प्रत्येक कडव्यानंतर परत येणारं पालुपद. म्हणूनच 1415 साली अ‍ॅजिनकोर्टला इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं त्या लढाईवरही एक कॅरल आहे. त्यात पाचवा हेन्री आहे, त्याची मोहीम आहे आणि 'इंग्लंडा, या विजयासाठी देवाचे आभार मान' अशा अर्थाचं लॅटिन पालुपद आहे. लंडनचा मुद्रक विंकिन द वर्ड याने 1521 साली कॅरल्सचा संग्रह छापला. त्यातलं एक गाणं मेजवानीत रानडुकराचं मुंडकं थाटामाटात आणतात त्या वेळचं. 'कॅरल म्हणजे नाताळचंच गाणं' हा अर्थ नंतर हळूहळू घट्ट होत गेला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये 1918 साली सुरू झालेली नाताळच्या आदल्या दिवशीची कॅरल्सची उपासना 1928 पासून रेडिओवर ऐकू येऊ लागली, आणि या अर्थावर शिक्कामोर्तब झालं.

फ्रेंचांचं 'नोएल' मात्र सरळ आहे: सणाचं नाव तेच गाण्याचं नाव, आणि मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्माचा. आपला 'नाताळ' पोर्तुगीज 'नाताल'वरून आला, त्याचंही मूळ हेच. तेव्हा 'नोएल'ला 'ख्रिस्तजन्मगीत' म्हणायला हरकत नाही.

खरी गंमत पूर्व युरोपात आहे. ग्रीकांचं 'कालांदा', रुमानियन 'कोलिंदा', पोलिश 'कोलेंदा', युक्रेनी 'कोल्यादका' हे सगळे शब्द लॅटिन 'कालेंदे'वरून निघाले. रोमन लोक महिन्याच्या पहिल्या दिवसाला कालेंदे म्हणत, कारण त्या दिवशी पुढच्या तिथीची घोषणा व्हायची आणि 'कालारे' म्हणजे पुकारणं. याच दिवशी व्याज चुकतं करायचं असे, म्हणून कर्जाच्या वहीला नाव पडलं 'कालेंदारियुम'. तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिथूनच आलं. जानेवारीच्या कालेंदेला नवं वर्ष लागायचं, लोक एकमेकांना भेटी द्यायचे. म्हणजे या गाण्यांच्या नावात जन्म नाही, नाचही नाही. त्यात नव्या वर्षाचा पहिला दिवस आहे. ही दारोदार फिरून म्हणायची गाणी. घरावर आशीर्वाद द्यायचा आणि दान घ्यायचं. आपल्याकडे सकाळच्या प्रहरी वासुदेव यायचा तोच व्यवहार.

ग्रीसमध्ये मुलं हातात धातूचा त्रिकोण घेऊन तीन दिवस फिरतात: 24 डिसेंबर, 31 डिसेंबर आणि 5 जानेवारी. दार उघडलं की आधी विचारायचं, "ना ता पूमे?" शब्दशः अर्थ, "ती म्हणू का?" घरच्यांनी हो म्हटलं की त्रिकोणावर दांडी वाजवत सुरुवात. मला यात सगळ्यात आवडतं ते क्रियापद. ग्रीक माणूस कालांदा 'गात' नाही, 'म्हणतो', आणि आपणही गाणं म्हणतोच की! इंग्रजीतून भाषांतर करताना तिथे उगाच 'गाऊ का' येतं. तुम्ही निवेदनात 'म्हणू का' हेच ठेवा, ते दोन्ही भाषांना धरून आहे. शिवाय तिन्ही दिवसांची गाणी वेगळी. 31 तारखेचं गाणं कैसरियाहून येणाऱ्या संत वासिलीचं आहे, येशूच्या जन्माचं नाही.

रुमानियाची कोलिंदा तर याहून पुढे जाते. पुरुषांच्या टोळ्यांनी घरोघर जाऊन कोलिंदा म्हणण्याची रुमानिया आणि मोल्दोवा इथली प्रथा 2013 साली युनेस्कोच्या वारसायादीत आली. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांनी ट्रान्सिल्व्हेनियात फिरून ही गाणी गोळा केली. 1914 मध्ये त्यांना मिळालेल्या एका कोलिंदेची कथा अशी: एका म्हाताऱ्याला नऊ मुलगे. त्याने त्यांना शेतीभाती काही शिकवलं नाही, शिकवली फक्त शिकार. शिकारीच्या मागे जाता जाता ते एक पूल ओलांडतात आणि त्यांची सांबरं होतात. बाप शोधत येतो, धनुष्याला बाण लावतो, तेव्हा सर्वांत मोठं सांबर बोलू लागतं. बाप विनवतो, घरी चला, आई वाट बघतेय, दिवे लागलेत, ताट वाढलंय. ते सांगतं: आमची शिंगं आता दारातून आत मावणार नाहीत, आमची तोंडं आता पेल्याला लागणार नाहीत, झऱ्याचंच पाणी पितील. बार्टोक यांनी 1930 साली यावरून 'कांताता प्रोफाना' ही मोठी रचना केली. गोठा नाही, तारा नाही, बाळ नाही. पण हे गाणं नाताळात, दारात उभं राहून म्हटलं जातं. याला 'ख्रिस्तजन्मगीत' म्हणणं म्हणजे गाण्यावर अन्याय आहे.

युक्रेनी लोक शब्दांत जास्त काटेकोर. नाताळची ती 'कोल्यादका', नव्या वर्षाच्या स्वागताची ती 'श्चेद्रिवका'. 'कॅरल ऑफ द बेल्स' म्हणून जगभर वाजतं ते मुळात 'श्चेद्रिक'. मिकोला लेओंतोविच यांनी लोकगीतावरून बांधलेलं हे समूहगान 1916 साली कीव्हमध्ये सादर झालं आणि 1922 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पोचलं. मूळ शब्दांत एक पाकोळी उडत येते आणि घरधन्याला हाक मारते: बाहेर ये, बघ, तुझ्या मेंढ्या व्यायल्यात. ऐन हिवाळ्यात पाकोळी आणि कोकरं कुठून? हे गाणं नवं वर्ष वसंतात लागायचं त्या काळातलं, म्हणून. इंग्रजीतल्या घंटा पीटर विल्हॉस्की यांनी 1936 साली आणल्या. मूळ गाण्यात एकही घंटा नाही. तुम्ही ते युक्रेनीत म्हणणार असाल, तर 'घंटांचं गाणं' असं निवेदन कृपा करून करू नका.

मेक्सिकोचं 'बियान्सिको' हे 'बियानो' म्हणजे खेडूत, त्यावरून आलं. आधी ते लौकिक गीत होतं, नंतर चर्चमध्ये गेलं. सतराव्या शतकातली मेक्सिकन कवयित्री सोर हुआना इनेस दे ला क्रूस हिने 1676 ते 1691 या काळात कॅथेड्रलांसाठी बियान्सिकोच्या मालिका लिहिल्या, त्यातल्या कितीतरी मरियेच्या आणि संतांच्या सणांच्या आहेत. आज मात्र स्पॅनिशमध्ये बियान्सिको म्हणजे नाताळचंच गाणं. जाता जाता सांगतो, 'आगिनाल्दो' हा शब्द मेक्सिकोत नाताळच्या बोनसला वापरतात, तर पोर्तो रिकोत तेच गाण्याचं नाव आहे: दारात म्हटलेलं गाणं आणि त्याबद्दल मिळालेली भेट, दोन्हींना एकच शब्द.

आता मराठीचं. ख्रिस्तजन्म मराठीत गायला कुणाचा शब्द उसना घ्यायची वेळ आपल्यावर कधी आली नाही. गोव्यात सासष्टीतल्या राशोलला 1616 साली छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण जवळपास 11 हजार ओव्यांचं आहे, आणि त्याच्या दुसऱ्या भागात, म्हणजे 'दुसऱ्या पुराणात', येशूच्या जन्माची कथा येते. ओवी ही गायचीच गोष्ट, आणि चर्चमध्ये ती गायली जात होती. रेव्हरंड टिळकांनी तर ख्रिस्तभक्ती थेट भजन-अभंगांत आणली. 'ख्रिस्तजन्मगीत' हा शब्द अशा रचनांना शोभतो.

तुमच्या कार्यक्रमाला मी शीर्षक देईन 'देशोदेशीची नाताळातली गाणी'. 'नाताळची' नको, 'नाताळातली' हवं. 'ची' लावलं की गाणं नाताळाविषयी असावं असं वाटतं. 'तली' म्हटलं की त्या दिवसांत म्हटलं जाणारं कुठलंही गाणं त्यात बसतं, सांबरांचं आणि पाकोळीचंसुद्धा. पुढे प्रत्येक गाण्याची ओळख त्याच्या मूळ नावाने करा: कालांदा, कोलिंदा, श्चेद्रिवका, बियान्सिको. इंग्लंडच्या गाण्याला 'कॅरल'च म्हणा, ते टाळायचं काही कारण नाही. लिहिताना 'कॅरोल'पेक्षा 'कॅरल' उच्चाराला जवळचं. लिंगाचं विचाराल तर मी 'गाणं' मनात धरून नपुंसकलिंगी वापरतो: ते कॅरल, ती कॅरल्स. कोलिंदा आणि कोल्यादका आकारान्त असल्याने मराठी जिभेवर आपोआप स्त्रीलिंगी होतात आणि त्या त्यांच्या भाषेतही स्त्रीलिंगीच आहेत, तेव्हा 'ही कोलिंदा' असं बिनधास्त म्हणा.