मॅडम, इंग्रजी शब्द पाठच होत नाहीत

मेडिकल, नर्सिंग, फार्मसीची अॅडमिशनं झाली की दरवर्षी मुलं हीच काळजी घेऊन येतात, दहावीपर्यंत मराठी शाळा होती, आता पुस्तकातले शब्दच झेपत नाहीत, सोडून देऊ का. म्हणून एका मुलीबद्दल लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदलून.

एमबीबीएस फर्स्ट इयर. रात्री दोनपर्यंत जागून शब्द घोकायची आणि सकाळी सगळं साफ. "माझं इंग्रजीच कच्चं आहे मॅडम, बाकीच्या कॉन्व्हेंटच्या आहेत." मी अभ्यासाला हात लावायच्या आधी नेहमी हे वाक्यच धरते, कारण माझ्या मते माणूस अवघड गोष्टीने जेवढा खचत नाही तेवढा त्याने स्वतःवर मारलेल्या शिक्क्याने खचतो.

विचारलं, "टॉन्सिलायटिस म्हणजे काय गं?"
"टॉन्सिल सुजणं."
"अपेंडिसायटिस?"
"अपेंडिक्सची सूज."
"मग आयटिस म्हणजे?"
ती थांबली. "...सूज?"
"हिपॅट म्हणजे लिव्हर. आता हिपॅटायटिस?"

उत्तर आलंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती पेन घेऊन पुढे सरकली. मी म्हटलं, अगं हे सगळं ग्रीक-लॅटिन आहे, तुझ्या कॉन्व्हेंटच्या मैत्रिणीच्या घरी कोण बोलतं हे? तीही शून्यापासूनच शिकतेय. यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग एकदम, "मॅडम, ऑस्टिओ म्हणजे आपलं अस्थी का?" हो, ग्रीक ऑस्टिऑन आणि संस्कृत अस्थी एकाच मुळातले, तसंच लॅटिनमधलं डेंट आणि आपलं दंत. हे तिचं तिने शोधलं होतं, मी फक्त मान डोलावली, आणि माझ्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान अशाच क्षणाला मिळतं.

तुम्हालाही करायचं असेल तर हजार रूट्सची, म्हणजे शब्दांच्या मूळ तुकड्यांची, यादी विकत आणू नका. आज लेक्चरमध्ये आलेला शब्द घ्या आणि फोडा. ब्रॅडी म्हणजे मंद, टॅकी म्हणजे जलद, कार्डिया हृदय. हायपो कमी, हायपर जास्त, ग्लायक साखर, ईमिया म्हणजे रक्तातलं, की हायपोग्लायसेमिया आपोआप उलगडतो. एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. किडनीला दोन नावं का म्हणून गोंधळू नका, नेफ्रो ग्रीक, रीनल लॅटिन, अवयवांची नावं बरीचशी लॅटिन आणि आजार-ऑपरेशनांची ग्रीक असा साधारण कल आहे. फसवे तुकडेही आहेत, पेडियाट्रिक्समधलं पेड म्हणजे ग्रीक मूल आणि पेडलमधलं लॅटिन पाय, त्यामुळे अंदाज बांधा पण डिक्शनरीत एकदा बघाच.

आणि पालकांनो, लगेच स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू नका प्लीज, या शब्दांसाठी त्याचा उपयोग नाही.

त्या मुलीचं व्याकरण अजून चुकतं, ते वेगळं काम आहे, त्यासाठी ती आता रोज फिजिऑलॉजीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचते.