रत्नागिरीत बांधायच्या घराच्या पडवीवर ऊन किती येईल, हे स्केचअप या त्रिमितीय आराखड्याच्या संगणक-प्रणालीत कसे पाहावे?

सर्वप्रथम मॉडेलला रत्नागिरीचे स्थान द्यावे, वेळ यूटीसी +5:30 (भारतीय प्रमाणवेळ) ठेवावी आणि हिरवा अक्ष, म्हणजे मॉडेलमधील उत्तर दाखवणारी हिरवी रेषा, प्लॉटच्या खऱ्या उत्तरेशी जुळवावा. ही दिशा चुकली तर पुढची प्रत्येक सावली चुकीचीच दिसेल. रत्नागिरी सुमारे 17 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने 22 डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेएकोणपन्नास अंशांवर असतो आणि दक्षिणेकडचा दोन फुटांचा छज्जा भिंतीवर साधारण सव्वादोन फूट सावली पाडतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मात्र सूर्य मध्यान्ही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेची भिंतही तपासावी. येथील मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या आसपास येते, बाराला नव्हे.

आपली पडवी समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला असेल, तर एप्रिलमधील दुपारी चार ते सहा हा काळ सावल्यांच्या वेळेची सरकपट्टी हळूहळू ओढून पाहावा. कललेले ऊन छज्जा कितीही वाढवला तरी आत शिरते. तेथे उभ्या पट्ट्यांची जाळी किंवा बांबूचे पडदेच उपयोगी पडतात. शेजारची माडाची झाडेही मॉडेलमध्ये घ्यावीत. पावसाळ्यातील ढग मात्र हा आराखडा जमेस धरत नाही.